दुसऱ्यांदा आतडं: एका फसलेल्या प्रत्यारोपणानंतरचे निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून इथेही अण्णाच. मी त्या काळात प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करत होते. म्हणजे डॉक्टर, नातेवाईक, झेडटीसीसी (विभागातले अवयव कुणाला द्यायचे याचं काम पाहणारं केंद्र) आणि औषधाचं दुकान या चौघांच्या मधोमध फोन घेऊन उभी असलेली बाई.

अण्णा तेहतीस वर्षांचे, पतसंस्थेत नोकरी, घरचा तीन एकर ऊस. एका संध्याकाळी पोटात दुखायला लागलं. गावात ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं, दुसऱ्या दिवशी तालुक्याला सलाईन. पोट हाताला मऊ लागत होतं आणि माणूस मात्र गडाबडा लोळत होता. सर्जन लोक या विसंगतीला घाबरतात, पण सर्जनपर्यंत पोचायला अण्णांना चौथा दिवस उजाडला. आतड्यातलं रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती आणि जवळजवळ सगळं लहान आतडं काळं पडलं होतं. ते काढावं लागलं. माणसाचं लहान आतडं साधारण पाच-सहा मीटर असतं. अण्णांचं १५ सेंटिमीटर उरलं, ते अर्ध्या मोठ्या आतड्याला जोडलं.

गुठळीचं कारण नंतर कळलं: प्रोटीन सी या रक्तातल्या घटकाची जन्मजात कमतरता. हा घटक रक्त विनाकारण गोठू देत नाही, आणि तो यकृतात तयार होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर बरंच काही ठरलं.

एवढ्या तोकड्या आतड्यावर माणूस जगत नाही. खाल्लेलं वाहून जातं. मग टीपीएन, म्हणजे शिरेतून पूर्ण पोषण. दुधासारखी पांढरी पिशवी, रात्री आठला लावायची, सकाळी आठला काढायची, मानेजवळच्या मोठ्या शिरेत कायमची नळी. वहिनींनी फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून पिशव्यांना दिला. दिवसाला साडेपाच हजारांचा खर्च. सोळा महिन्यांत नळीतून रक्तात जंतू जाण्याचे पाच प्रसंग आले आणि दोन मोठ्या शिरा कायमच्या बंद झाल्या. अशा नळ्यांसाठी शरीरात सहाच सोयीची दारं असतात: मानेच्या दोन, गळपट्टीच्या हाडाखालच्या दोन, जांघेतल्या दोन. दार बंद झालं की पुन्हा सहसा उघडत नाही.

पहिलं प्रत्यारोपण

सोळाव्या महिन्यात मेंदूमृत दात्याचं लहान आतडं मिळालं. फक्त आतडं, कारण यकृत तेव्हा बरं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. पोटावर आतड्याचं एक टोक उघडं ठेवलं होतं, ज्याला आम्ही स्टोमा म्हणतो.

स्टोमाचा उपयोग रुग्णाला वाटतो त्याहून मोठा आहे. मूत्रपिंड बिघडलं तर क्रिएटिनिन सांगतं, यकृत बिघडलं तर बिलिरुबिन. नव्या आतड्यावर शरीर उलटलं, म्हणजे रिजेक्शन सुरू झालं, तर ते खात्रीने सांगणारी रक्ततपासणी नाही. दुर्बीण घालून तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, हाच मार्ग. स्टोमा असला की ही बायोप्सी खाटेवर, भूल न देता, दहा मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात आठवड्याला दोनदा करायची म्हणजे दुसरा उपाय परवडतही नाही.

आणि स्टोमातून किती पाणी पडतं ते मोजता येतं. वहिनींनी त्यासाठी शंभर पानी वही केली. प्लास्टिकच्या मापाच्या जगने मोजायचं आणि लिहायचं. सकाळ ४००, दुपार ३५०, रात्र ४५०, बेरीज लाल पेनाने. पाचव्या आठवड्यात टीपीएन बंद झालं. सातव्या आठवड्याच्या पानावर समासात लिहिलंय, 'आज अर्धी भाकरी'.

दहाव्या महिन्यात स्टोमा बंद केला. अण्णांना कामावर जायचं होतं, पिशवी गळायची, पतसंस्थेच्या काउंटरवर वास येईल याची त्यांना धास्ती होती. बायोप्सी सलग स्वच्छ येत होत्या. सगळ्यांनी आनंदाने हो म्हटलं, मीसुद्धा. वहीतली पुढची पानं कोरी आहेत.

काय बिघडलं

एकोणिसाव्या महिन्यात, गणपतीत, जुलाब लागले. घरात दोन मुलांनाही लागले होते, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. किती? तर 'सात-आठ वेळा'. लिटरचा आकडा आता उपलब्ध नव्हता. तिसऱ्या दिवशी फोन आला, चौथ्या दिवशी दाखल केलं.

इथून पुढचे अडतीस दिवस या प्रकरणाचा गाभा आहेत, म्हणून जरा थांबून सांगते.

पाचव्या दिवशी टॅक्रोलिमसची पातळी आली १९. रिजेक्शन रोखणारं हे मुख्य औषध, आणि त्या टप्प्यावर ती ७ च्या आसपास हवी होती. वरवर पाहता औषध भरपूर आहे, म्हणजे रिजेक्शन कसं असेल? पण जुलाबात ही पातळी फसवी असते. आतड्याचं अस्तर एरवी हे औषध थोडंफार पचवून टाकतं आणि परतवून लावतं. अस्तर दुखावलं की तो अडसर जातो आणि औषध जास्त शोषलं जातं. म्हणजे वाढलेली पातळी हीच अस्तर दुखावल्याची खूण असू शकते. अस्तर कशाने दुखावलं हे ती सांगत नाही.

सहाव्या दिवशी शौचाच्या नमुन्यात नोरोव्हायरस सापडला. कारण मिळालं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आठव्या दिवशी, कोलोनोस्कोपीची तयारी कशीबशी करून, बायोप्सी झाली. पॅथॉलॉजिस्टने दहा ग्रंथींमागे मरणाऱ्या पेशी मोजल्या. सहा किंवा जास्त म्हणजे रिजेक्शन असा साधारण दंडक. सापडल्या चार. अहवालात शब्द होता 'अनिश्चित'.

पहिला खरा निर्णय इथे होता. व्हायरस मानायचा तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करायची, म्हणजे शरीर व्हायरसला हाकलेल. रिजेक्शन मानायचं तर औषधं वाढवायची. दोन्ही उपाय एकमेकांच्या बरोब्बर उलट. आणि दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, कारण व्हायरसच्या लढाईत जागी झालेली प्रतिकारशक्ती परक्या आतड्याकडेही वळते.

पथकाने व्हायरस मानला, टॅक्रोलिमस निम्म्यावर आणलं. त्या दिवशीच्या माहितीवर मी या निर्णयाला चूक म्हणणार नाही. चूक पुढच्या बायोप्सीला लागलेल्या नऊ दिवसांची होती. स्टोमा असता तर दर तिसऱ्या दिवशी तुकडा काढला असता. कोलोनोस्कोपीसाठी आधीच सुकलेल्या माणसाला पुन्हा पोट साफ करायचं औषध द्यावं लागतं, म्हणून ती 'उद्या बघू' वर जात राहिली. मध्ये विसर्जनाची सुट्टी आली.

सतराव्या दिवशी मध्यम ते तीव्र रिजेक्शन. स्टेरॉइडचे मोठे डोस दिले, उपयोग नाही. बाविसाव्या दिवसापासून थायमोग्लोब्युलिन, म्हणजे टी पेशींचा जवळजवळ सफाया करणारं औषध. सत्ताविसाव्या दिवशी दुर्बिणीच्या पडद्यावर जे दिसलं ते मी दुर्बीण घालणाऱ्या मॅडमच्या मागे उभी राहून पाहिलं. निरोगी आतडं आतून मखमलीसारखं दिसतं. इथे मखमल सोलून निघाली होती, खाली लालभडक, गुळगुळीत, स्पर्श होताच पाझरणारा पृष्ठभाग. अठ्ठाविसाव्या दिवशी इन्फ्लिक्सिमॅब या दाह दाबणाऱ्या औषधाचा एक डोस झाला. रक्तात दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या, डीक्यू गटाच्या (डीक्यू ही पेशींवरची एक ओळखखूण), आणि भरपूर.

आतडं काढायचं का, कधी

एकतिसाव्या दिवशी बैठक झाली. तीन पर्याय टेबलावर होते. एक, अँटिबॉडीविरुद्ध प्लाझ्मा बदलणं आणि आणखी औषधं देऊन झुंजत राहणं. क्वचित अस्तर परत उगवतं. दोन, आतडं काढून टाकून टीपीएनवर परत जाणं आणि दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी उभं राहणं. तीन, आहे ते आतडं ठेवून लगेच दुसरं शोधणं, म्हणजे काढणं आणि बसवणं एकाच वेळी. अस्तर नसलेलं आतडं म्हणजे जंतूंसाठी सताड उघडं दार, आणि त्याच वेळी आम्ही प्रतिकारशक्ती शून्यावर आणलेली. अशा अवस्थेत नवा दाता मिळेपर्यंत रुग्ण तगेल याची कुणालाच खात्री नव्हती, म्हणून तिसरा पर्याय पाच मिनिटांत संपला.

पहिल्या दोनांत मतभेद होते. सर्जनना काढायचं होतं. गॅस्ट्रोच्या सरांना एक आठवडा हवा होता. आयसीयूचे डॉक्टर शांतपणे एवढंच म्हणाले, "आठवडा घ्या, पण तोवर रक्तात फंगस येईल." सरांना आठवडा मिळाला. तेहेतिसाव्या दिवशी रक्तात कॅन्डिडा आला.

यानंतरही पाच दिवस गेले, आणि ते डॉक्टरांमुळे गेले नाहीत. वहिनी सही करेनात. दोनदा समजावून झालं, तिसऱ्यांदा मी एकटीच त्यांच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, हे काढलं तर यादीत परत शेवटून नंबर लागणार का?" त्यांच्या डोक्यात रेशनच्या रांगेसारखी रांग होती. आतडं पोटात आहे तोवर आपला नंबर लागलेला आहे, काढलं की रांग सोडली. आमच्या विभागात आतड्यासाठी वाट पाहणारी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, तिथे अडचण जुळणारा दाता मिळण्याची असते, नंबराची नसते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही रिजेक्शन, सेप्सिस, जगण्याची टक्केवारी हे सगळं सांगत बसलो होतो. त्या संध्याकाळी सही झाली. अडतिसाव्या दिवशी आतडं काढलं.

काढल्यानंतरची औषधं

आतडं काढल्यावर रिजेक्शनची औषधं कशाला, असं कुणालाही वाटेल. अडचण अशी की परक्या उतींची ओळख शरीराला झालेली असते. औषधं एकदम थांबवली की ते मोकळेपणी अँटिबॉडी बनवू लागतं, आणि दुसऱ्या प्रत्यारोपणाचे दाते त्या अँटिबॉडीमुळे एकेक करून बाद होतात. औषधं चालू ठेवली तर फंगस माणसाला नेईल. मधला रस्ता म्हणजे थोडं टॅक्रोलिमस ठेवून ते काही महिन्यांत उतरवत नेणं.

रक्तात कॅन्डिडा असताना मधल्या रस्त्याची हिंमत कुणी केली नाही. सगळं थांबवलं. दोन महिन्यांनी तपासलं तेव्हा अँटिबॉडीचं प्रमाण ८ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेलं होतं. सोप्या भाषेत, शंभर अनोळखी दात्यांपैकी ७८ जणांचे अवयव अण्णांचं रक्त आल्या आल्या ओळखून हल्ला करेल.

माझं मत असं की त्या दिवशी औषधं थांबवणं बरोबरच होतं. पण तो दिवस तसा का आला? हरलेल्या आतड्यासाठी दहा-बारा दिवस सगळा दारूगोळा वापरला म्हणून. सत्ताविसाव्या दिवशी, फंगस येण्यापूर्वी काढलं असतं, तर थोडं टॅक्रोलिमस ठेवता आलं असतं. दुसऱ्या प्रत्यारोपणाचं गणित तिथेच बिघडलं, आणि तेव्हा 'दुसरं प्रत्यारोपण' हा शब्द खोलीत कुणी उच्चारलाही नव्हता.

दुसऱ्यांदा: पर्यायांची मोजदाद

अण्णा घरी गेले तेव्हा वजन ४१ किलो. सहापैकी पाच दारं बंद. पाचवं दार, उजव्या गळपट्टीखालचं, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या सरांनी तारा घालून तीन तासांत पुन्हा उघडलं, आणि तिथे नळी बसली. सहावं राखून ठेवलं.

या खेपेला एक गोष्ट नीट झाली: नळी वापरात नसताना तिच्यात टॉरोलिडिनचं जंतुरोधक द्रावण भरून ठेवायचं. सोळा महिन्यांत पाच संसर्ग झाले होते, या खेपेला तेरा महिन्यांत एक. पहिल्या वेळी हे का केलं नाही, याचं उत्तर एवढंच की तेव्हा आम्ही मागवलं नव्हतं.

समितीपुढे चार पर्याय होते.

टीपीएनवरच राहणं. सोबत टेडुग्लुटाइड हे इंजेक्शन, जे उरलेल्या आतड्याचं अस्तर वाढवतं. पण १५ सेंटिमीटरला वाढवून किती वाढवणार? पिशव्या थोड्या कमी झाल्या असत्या, सुटल्या नसत्या. आणि खर्च घराच्या आवाक्याबाहेर.

जिवंत दात्याचं आतडं. बहीण स्वतःहून पुढे आली. जिवंत दात्याकडून शेवटच्या भागातलं साधारण दोन मीटर आतडं घेता येतं, कायद्यात भावंडं जवळच्या नात्यात बसतात. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, तपासल्या तर बहीण शंभर टक्के जुळली, म्हणजे त्या ७८ टक्क्यांची भानगडच नाही. दोन दिवस सगळे हवेत होतो. मग बहिणीचं प्रोटीन सी आलं, निम्मं. तिलाही तीच कमतरता. तिच्या आतड्याच्या शिरा कापायच्या आणि मग तिच्याच पोटात गुठळी झाली तर? नको म्हटलं. ताई माझ्यावर चिडल्या. "माझं मी बघीन," म्हणाल्या. निदान त्यांना आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आजार कळला.

पुन्हा फक्त आतडं. ऑपरेशन त्यातल्या त्यात लहान. पण ७८ टक्के अँटिबॉडी समोर असताना नुसत्या आतड्याला संरक्षण नाही. प्लाझ्मा बदलणं आणि इम्युनोग्लोब्युलिनची दोन आवर्तनं करून पाहिली, आकडा ७१ वर आला आणि महिन्यात परत चढला.

यकृत आणि आतडं एकत्र. यकृत दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी पुष्कळ प्रमाणात शोषून घेतं आणि सोबत आलेल्या अवयवाला सांभाळतं. ही गोष्ट जुनी आहे. १९८८ साली कॅनडातल्या लंडन, ऑंटॅरिओ इथे डेव्हिड ग्रँट यांच्या पथकाचं सुरुवातीचं यशस्वी प्रत्यारोपण झालं, तेही यकृतासह आतड्याचं होतं, टॅक्रोलिमस सर्रास हाती येण्याआधीचं. दुसऱ्यांदा आतडं बसवताना यकृत सोबत असलेल्यांचं बरं चालतं, असाही अनेक केंद्रांचा अनुभव आहे.

यकृताच्या सरांनी हरकत घेतली, आणि ती रास्त होती. अण्णांचं बिलिरुबिन ४.१, बायोप्सीत मधल्या टप्प्याचा फायब्रोसिस, म्हणजे यकृतात व्रणासारखे घट्ट धागे. टीपीएन सुटलं तर हे यकृत कदाचित सुधारेल. केवळ यकृतासाठी हा माणूस यादीत बसला नसता. आणि यकृताची यादी आतड्याच्या यादीसारखी छोटी नाही. अण्णांना दिलेलं यकृत म्हणजे दुसऱ्या कुणाला न मिळालेलं यकृत. "तो दुसरा माणूस या खोलीत नाही, म्हणून मी बोलतोय," सर म्हणाले.

तराजू कलला तो प्रोटीन सीमुळे. नवं यकृत म्हणजे नवं प्रोटीन सी. अण्णांचं आतडं ज्या आजाराने गेलं, शिरा ज्या आजाराने बंद होत होत्या, तो आजारच यकृतासोबत जाणार होता. जुनं यकृत ठेवून नवं आतडं बसवलं तर त्याच्या शिरेतही गुठळीची टांगती तलवार राहिली असती. हा मुद्दा रक्तविकार विभागातल्या सर्वांत तरुण डॉक्टर मुलीने मांडला. सरांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि हरकत मागे घेतली. 'माझी शंका इतिवृत्तात नोंदवा' असं सांगून.

घरच्यांशी बोलताना आकडे लपवले नाहीत. पहिल्या खेपेच्या आतड्यांपैकी जगभरात वर्षभरानंतर साधारण चारात तीन टिकतात, पाच वर्षांनंतर निम्मी. दुसऱ्या खेपेला त्याहून कमी. अण्णांनी विचारलं, "आणि नाही केलं तर?" उरलेली दारं मोजून दाखवली. पैशासाठी उसाचं रान विकलं गेलं, बाकीचं पतसंस्थेतल्या सहकाऱ्यांनी आणि दोन ट्रस्टनी केलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तो वेगळा लेख आहे.

वाट पाहणं आणि नकार

रक्तगट बी, अँटिबॉडी टाळणारा, आणि आकाराने लहान दाता हवा. पोटात बरेच महिने आतडंच नसलं की पोकळी आक्रसते, सामान्य माणसाचं आतडं आत मावत नाही. म्हणजे ४५ किलोच्या आतलाच दाता.

तेरा महिन्यांत तीन फोन आले. पहिला दाता आयसीयूत बरेच दिवस होता, रक्तदाब टिकवायला औषधांचे मोठे डोस. त्या औषधांनी सर्वांत आधी आतड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. नकार. दुसऱ्या वेळी सगळं जुळलं, फक्त डीक्यूवर तीच नेमकी अँटिबॉडी निघाली. यकृत सोबत आहे म्हणून धोका घ्यावा का, यावर रात्री दोन वाजता तीन शहरांतले चार डॉक्टर फोनवर भांडले. नकार. ते यकृत दुसऱ्या रुग्णाला गेलं. अण्णांना दुसरा नकार सांगायला मी गेले तेव्हा त्यांची टीपीएनची पिशवी चालू होती. ते म्हणाले, "आधी सांगा, त्या दुसऱ्याचं यकृत तरी बसलं ना नीट?"

तिसरा फोन एका सकाळी. वीस-बावीस वर्षांची मुलगी, ४१ किलो, दुसऱ्या शहरात. कायद्याप्रमाणे सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर झालेला, घरच्यांचा होकार. संगणकावरचं क्रॉसमॅच, म्हणजे अण्णांच्या अँटिबॉडी या दात्यावर उलटतील का याचा ताळा, स्वच्छ. पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला. काढलेलं आतडं बर्फात सात-आठ तासांच्या पलीकडे नेऊ नये, आम्ही सहा तास वीस मिनिटांत रक्तपुरवठा सुरू केला.

ऑपरेशन आणि त्यानंतर

ऑपरेशन तेरा तास चाललं. त्यातले पाच तास नुसत्या चिकटलेल्या जुन्या जखमा सोडवण्यात गेले. यकृत आणि आतडं एकमेकांना जोडलेल्या अवस्थेतच बसवलं, आणि अण्णांच्या स्वतःच्या जठर-स्वादुपिंडाचं रक्त मुख्य शिरेत वळवलं. पोट लगेच शिवता आलं नाही, पाचव्या दिवशी जाळी घालून बंद केलं.

प्रोटीन सी दहाव्या दिवशी नॉर्मल आलं. दात्याविरुद्धची नवी अँटिबॉडी पहिल्या दोन आठवड्यांत किंचित दिसली आणि नाहीशी झाली. पाचव्या आठवड्यात बायोप्सीत दहा ग्रंथींमागे सात मरणाऱ्या पेशी. सौम्य रिजेक्शन, स्टेरॉइडचे तीन डोस, चौथ्या दिवशी पुन्हा तुकडा, दोन. तेवढ्यात संपलं. मागच्या वेळी चारवर नऊ दिवस थांबलेलं हेच पथक.

बावन्नाव्या दिवशी टीपीएन बंद झालं. तिसऱ्या महिन्यात सीएमव्ही या व्हायरसचा संसर्ग झाला, औषधाने आटोक्यात आला. आज दोन वर्षं उलटली. वजन ५३ किलो. मूत्रपिंडाची क्षमता निम्म्याखाली आली आहे, ही टॅक्रोलिमसची किंमत, आणि ती पुढे आणखी मोजावी लागू शकते. डोस कमी करून जोडीला दुसरं औषध दिलंय. अण्णा पतसंस्थेत अर्धवेळ जातात.

वेगळं काय करता आलं असतं

स्टोमा बंद करण्याचा निर्णय आम्ही रुग्णाच्या सोयीवर आणि स्वच्छ बायोप्सींवर घेतला. ज्याचं घर केंद्रापासून चार तासांवर आहे आणि ज्याच्या तालुक्यात कुणी प्रत्यारोपित आतडं पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी स्टोमा अधिक काळ ठेवायला हवा होता. आता दुसरा स्टोमा तसाच आहे. पिशवी गळण्याची तक्रारही तशीच आहे. यंदा स्टोमा नर्सने पिशवी बसवण्याची पद्धत बदलून दिली, तेव्हा ती निम्मी झाली. हे पहिल्यांदाच केलं असतं तर बंद करण्याची घाई झाली असती का, हा प्रश्न मला छळतो.

'अनिश्चित' बायोप्सीनंतर पुढची तारीख त्याच कागदावर लिहायची, तीन दिवसांच्या आतली, सुट्टी असो नसो. हे आता लागू केलंय. आतडं वाचवण्याच्या प्रयत्नांनाही आता आधीच मुदत ठरते: थायमोग्लोब्युलिननंतर पाचव्या दिवशी अस्तरात सुधारणा नसेल तर काढण्याची चर्चा, आणि त्या चर्चेत दुसऱ्या प्रत्यारोपणाचा विचार करणारा माणूस हजर. गॅस्ट्रोच्या सरांना ही मुदत अजूनही कडक वाटते. त्यांनी एक अस्तर तिसऱ्या आठवड्यात परत उगवलेलं पाहिलंय, आणि ते खोटं बोलत नाहीत.

यकृत घ्यायला हवं होतं का? नव्या अँटिबॉडी ज्या मुकाट्याने गेल्या त्यावरून मी हो म्हणेन. इतिवृत्तातली सरांची शंका मात्र खोडलेली नाही, आणि खोडूही नये.

वहिनींची वही पुन्हा सुरू झाली आहे, आता तिसरी. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहून दिलंय: दिवसाची बेरीज १८०० च्या वर गेली तर वेळ न बघता फोन. गेल्या माघात रात्री सव्वाअकराला फोन वाजला. वहिनी नुसतंच म्हणाल्या, "एकोणीसशे." पहाटे तीनला गाडी दारात, सातला दुर्बीण, संध्याकाळी अहवाल: स्वच्छ, दहामागे एक. मग अण्णांची उलटतपासणी घेतली. आदल्या दुपारी, विकलेल्या रानाच्या बांधावरच्या गुऱ्हाळात, दोन ग्लास उसाचा रस. कच्चा, बर्फ घालून. मी दहा मिनिटं बोलले. अण्णा खाली मान घालून ऐकत होते, आणि वहिनी १९०० च्या पुढे लाल पेनाने 'रस' असं लिहीत होत्या.